आप्पांच्या खिशातली माझी चिठ्ठी

१४ जून, शनिवार, सकाळी आठ. कागलजवळचा हायवेचा फाटा. हजर: आप्पा, आई, धाकटा भाऊ महेश, दोन बॅगा, एक पत्र्याची पेटी आणि मी. गैरहजर: नवरा, जो बंगळूरला भाड्याची खोली घेऊन माझी वाट बघत होता. साल मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवशी मी तेवीस वर्षांची होते आणि आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, एवढं पुरे.

आई रडत होती, आप्पा सूचना देत होते. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी आप्पांकडे रिवायंडिंगला यायच्या. त्यामुळे जगातल्या बहुतेक संकटांचं मूळ त्यांना विजेत दिसायचं. "नव्या घरात पयला टेस्टर लावायचा, मग बटनाला हात. होल्टेज कमी वाटलं तर मिक्सर लावू नगंस. जळतोय त्यो." बस आली तेव्हा ते अख्ख्या हायवेला ऐकू जाईल असं ओरडले, "डायवरच्या मागची शीट धर की!" मी धरली. खिडकीतून हात हलवताना त्यांच्या बोलण्यात काही चुकीचं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

ते मला बंगळूरने शिकवलं. वर्षभरात इन्व्हर्टर बनवणाऱ्या एका कंपनीत, तक्रारींच्या फोनवर नोकरी लागली. काम मला सोपं होतं, लहानपण मोटारींतच गेलेलं. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर "होल्टेज" म्हणाले आणि मागची रांग खिदळली. कोण कोण हसलं ते मी वहीत लिहून ठेवलं, कारण मी सगळंच लिहून ठेवते. एक कोलकात्याचा, जो स्वतः "भोल्टेज" म्हणायचा. एक लुधियानाचा, ज्याची मुलं "सकूल"मध्ये जायची. एक चेन्नईची, जी "एम"ला "यम" म्हणायची. प्रत्येकाच्या तोंडात आपापलं गाव होतंच. पण हसायचं कुणाला हे आधी ठरलेलं असतं. ज्याचं गाव नकाशावर शोधावं लागतं, त्याला.

तेव्हा मला त्यांचा राग यायला हवा होता. मला आप्पांचा आला. असले शब्द देऊन पाठवलं म्हणून.

मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे आपलं, उजवीकडे त्यांचं. भाजी चिरताना उजवा रकाना पाठ केला. दोन वर्षांत माझ्या तोंडातून कागल धुऊन निघालं. बढती मिळाली. आता मी इतरांचे फोन ऐकते आणि त्यांना गुण देते. गेल्या वर्षी गडहिंग्लजच्या एका मुलीचे "होल्टेज"साठी दोन गुण कापले. तिने त्या माणसाचा बंद इन्व्हर्टर चार मिनिटांत चालू करून दिला होता. तो शेरा माझ्याच अक्षरात आहे. आता बघितला की किळस येते. लिहिताना आली नव्हती.

आता मूळ गोष्ट. माझ्या मुलीचा, शर्वरीचा, साखरपुडा गेल्या महिन्यात कोल्हापुरात झाला, शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये. मुलाकडची मंडळी पुण्याची. तुम्ही गाव सोडून फार वर्षं झाली असतील तर आठवण करून देते: आमच्याकडे अंगठ्या घालायच्या आधी पाहुण्यांची ओळख होते. घरातला सगळ्यात थोरला माणूस उभा राहतो आणि आपल्या बाजूच्या एकेकाचं नाव, गाव, काम सांगतो. तो मान त्याचाच. दुसऱ्याने घेतला तर लोक विचारतात, म्हाताऱ्याला काय झालं?

आदल्या संध्याकाळी मी आप्पांच्या हातात चिठ्ठी दिली. नऊ शब्द, दोन रकाने. "आप्पा, एवढे जरा नीट म्हणा. पुण्याची माणसं आहेत."

त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. "इंजनेर न्हाय म्हनायचं?"

"इंजिनिअर."

"बरं." त्यांनी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी माझ्या यादीत त्या कामापुढे खूण केली.

हॉलमध्ये पहिली ओळख मुलाच्या वडिलांनी करून दिली. मोठे अधिकारी आहेत, बोलतात छान. बोलता बोलता म्हणाले, "आमची सगळी शुभकार्यं वेडनसडेलाच होतात." कुणी हसलं नाही. मीही नाही. माझ्या वहीत तो शब्द पंचवीस वर्षांपूर्वी डाव्या रकान्यात गेला होता, पण अधिकाऱ्याच्या तोंडात तो मला चुकीचा वाटलाच नाही.

मग आप्पा उठले. फेटा नीट केला. हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं. "नमस्कार मंडळी," म्हणाले. मागून महेश म्हणाला, "बोला की आप्पा." तेव्हा ते म्हणाले, "सगळी आमचीच मानसं हाईत. फुडचं लेक सांगंल." आणि बसले.

मी उभी राहिले. सतरा माणसांची ओळख दोन मिनिटांत उरकली, एकही शब्द डावीकडचा नाही. मुलाची आत्या नंतर जवळ येऊन म्हणाली, "किती छान बोलता हो! कोल्हापूरच्या वाटतच नाही."

मी "थँक यू" म्हणाले. सगळ्या दिवसातली सगळ्यात घाण गोष्ट ती.

पाहुणे गेल्यावर आई साड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता बोलली. "आठ दिस गोठ्यात म्हशीम्होरं उभं ऱ्हाऊन म्हनत हुतं. 'ही आमची नात शर्वरी, कॉम्पुटर इंजनेर.' म्हस बी कटाळली. आन् तू हातात कागद दिलास व्हय? लई शिकलीस की गं."

शर्वरीने हे ऐकलं. "आई, तू आजोबांना ट्रेनिंग दिलंस?" एवढंच विचारलं आणि खोलीबाहेर गेली. ती बंगळूरला जन्मली. तिचं इंग्रजी कुणीच डाव्या रकान्यात घालणार नाही, म्हणून तिला आजोबांच्या बोलण्याची लाज कधी वाटलीच नाही. लाज हा माझ्यासारख्या मधल्यांचा रोग.

दर रविवारी आप्पांशी फोन अर्धा तास चालायचा. कुणाची मोटार जळली, कुणी स्टाटरचे पैसे वाचवायला काय जुगाड केला, डीपीच्या खांबावर कोण चढला. आता रिंग वाजते, ते उचलतात, म्हणतात, "बरं आहे. आईकडे देतो." चार रविवार झाले. चारही वेळा एवढंच, आणि दर वेळी शब्द अगदी स्पष्ट, सावकाश, तोलून. ते ऐकून मला माझीच शिसारी येते. जिथं तोंड उघडण्याआधी शब्द तपासावा लागत नाही, त्याला मी आता घर म्हणते. माझ्यापुरती तशी एकच जागा होती, कागलची, आणि तिथंही मी तपासनीस होऊन गेले.

फोनवर माफी मागून उपयोग नाही, ते फोन आईला देतील. समोर जाऊन बसायला हवं. सुट्टी शिल्लक आहे. बस रोज आहे. मी दोनदा तिकीट काढायला बसले आणि दोनदा काय बोलायचं ते आधी कागदावर लिहायला घेतलं. मग कागदच फाडून टाकला.

लग्नाला सहा आठवडे आहेत. लग्नाच्या वहीत एकेचाळीस कामं आहेत आणि हॉल, आचारी, पत्रिका, मांडव सगळं मार्गी लागलंय. "पाहुण्यांची ओळख" या ओळीपुढची जागा मी रिकामी ठेवली होती. परवा शर्वरीने तिथे स्वतःच्या अक्षरात "आजोबा" लिहिलं. आप्पांना मी अजून विचारलेलं नाही.