पौर्णिमेनंतरचं पाणी

चिलोए बेटांत एके काळी अशी कुजबुज होती, की एर्सिरा मिल्यालोंकोच्या एप्रनच्या खिशात गाठी मारलेली एक दोरी आहे आणि त्या दोरीने तिने समुद्राला बांधून ठेवलंय. गाठ सोडली की भरती, आवळली की ओहोटी. नवराही तिने असाच बांधला होता, अशी पुस्ती बायका जोडत. तो बिचारा बत्तीस वर्षं मुकाट नांदला आणि मुकाटच गेला, त्यामुळे खुलासा करायला कुणी उरलं नाही.

तो गेल्यावर एर्सिराला खाडीपलीकडे लेकीजवळ जायचं होतं. आमच्याकडे जागा बदलायची म्हणजे घरच घेऊन जायचं. लाकडी घर ओंडक्यांवर चढवायचं, गावाने बैल जुंपून किनाऱ्यावर आणायचं, खाली पिंपं बांधायची आणि भरतीला बोटींनी ओढत पलीकडे न्यायचं. मजुरी कुणी घेत नाही. घरधनिणीने पोटभर खाऊ घालायचं, बस.

बैलांचा म्होरक्या बेलार्मिनो. तरुणपणी एर्सिराने त्याला नकार दिला होता आणि तो राग त्याने चाळीस वर्षं छान मुरवला होता.

"बुधवारी पौर्णिमा. बुधवारीच निघायचं," तो म्हणाला.

"शुक्रवारी," एर्सिरा म्हणाली.

"चंद्र काय तुझ्या सोयीने वाढणार का, बाई?"

"चंद्र नाही. पाणी वाढेल."

गाव बेलार्मिनोच्या बाजूने गेलं. बुधवारी दुपारी घर वाळूवर उभं होतं. भरती आली, उंबरठ्याखाली वीतभर थांबली आणि परत फिरली. घर जागचं हललं नाही. असं वाळूत रुतलेलं घर वाऱ्याच्या एका तडाख्यात मोडतं, आणि एर्सिराला दुसरं घर नव्हतं. बैलवाले तर परतीच्या वाटेला वळलेसुद्धा.

"समुद्राने तुलाही नकारच दिला म्हणायचा," बेलार्मिनो म्हणाला.

एर्सिराने उकडलेल्या बटाट्यांची टोपली त्याच्यापुढे आदळली. "खा, आणि सांग. एक जोडी पुढे जुंपली, दुसरी आडवी, तर घर सरकेल?"

"जोर वाया जाईल. एका रेषेत जुंपावी लागते."

"वर चंद्र आणि सूर्य तेच करतात. एका रेषेत आले की उधाण. अर्ध्या चंद्राला आडवे पडतात, तेव्हा भांग, म्हणजे दुबळी भरती."

"पौर्णिमेला तर ते समोरासमोर असतात. मग ओढाताण नाही होणार?"

"पाणी दोन्ही अंगांनी फुगतं. म्हणून तर दिवसाला दोन भरत्या. माझा जावई मास्तर आहे, त्याने संत्रं घेऊन दाखवलंय. आता सांग, बैलांनी जोर लावला की घर त्याच क्षणी धावतं?"

बेलार्मिनो चावायचा थांबला. "नाही. आधी कुरकुरतं. मग हलतं."

"ही एवढ्याशा घराची गोष्ट. समोरचं पाणी बघ, केवढं आहे ते."

सगळ्यांनी बघितलं. मग एकाने बैल सोडले आणि बटाटा उचलला. त्याचं बघून बाकीचेही बसले.

गुरुवारी वीत उरली चार बोटं. शुक्रवारी दोनच्या सुमारास पाणी आलं, ना लाट, ना आवाज. चार बोटं गिळली, उंबरठ्याला लागलं आणि सोळा जोड्या बैलांच्या तोंडाला फेस आणणारं ते घर एकदा कण्हलं आणि उठलं. खिडकीचा पडदा हलला. पाण्यावर घर इतकं हलकं झालं, की एका बोटीने ते वळवलं.

बेलार्मिनोने टोपी काढली. आकाशभर चंद्र शोधला. "उचलणारा कुठाय?"

"पायांखाली," एर्सिरा म्हणाली. "पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला."

तो बराच वेळ आपल्या बुटांखालच्या ओल्या वाळूकडे बघत राहिला. घर खाडीच्या मध्यावर पोचलं होतं.

ती दोरी मासळी ओवायची होती, वीतवीत अंतरावर गाठी मारलेली. धक्क्याच्या खांबावर पाणी कुठवर चढलं, ते एर्सिराने त्या दोरीने एकतीस वर्षं रोज मोजलं. सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी येत होती.