केबल काढल्यावरचा हिरवा दिवा

पुण्याहून बाबांचा फोन आला तेव्हा मी योकोहामात, ऑफिसला जाणाऱ्या ट्रेनमध्ये होते. इथे ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, म्हणून मधल्याच स्टेशनवर उतरले. घरचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि आई पहाटेची फिरायला बाहेर गेली होती.

"कॉम्प्युटरच्या मागे केबल जिथे जाते, तिथला दिवा लागलाय का?"

"लागलाय. हिरवा."

"नक्की?"

"अगं, हिरवाच आहे."

दिवा हिरवा म्हणजे केबल ठीक. तरी इंटरनेट येत नव्हतं. माझ्या मीटिंगची वेळ होत आली होती, समोरून एकेक ट्रेन सुटत होती आणि डोकं तापत चाललं होतं. बाबा धड बघतच नाहीत असं वाटून मी चढ्या आवाजात म्हणाले, "आता ती केबल काढा."

"काढली."

"आणि दिवा?"

"हिरवा."

केबल काढली की तो दिवा विझतोच. ओठांवर आलेलं रागाचं बोलणं मी गिळलं.

"बाबा, तुम्हाला दिवा दिसतोय का?"

ते हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस."