साळुंकीच्या पोटातला हिवाळा

"पिसं काय बघतोस? पोट बघ," असं म्हणत तो झाडाखाली जुना कागद अंथरायचा आणि वर तोंड करून उभा राहायचा. लालबागच्या त्या पिंपळाखाली तुम्ही त्याला पाहिलं असतंत, तर वेडाच समजला असतात. साळुंकीची विष्ठा कागदावर पडली की हा खूश!

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत तो काचसामान धुवायचा. शिक्षण चौथीपर्यंत, बिऱ्हाड नायगावच्या चाळीत. पण धुता धुता त्याच्या ध्यानात आलं, की साळुंकी तीच असली तरी तिच्या पोटातले जंतू तेच नसतात. कुलाब्याच्या कोळीवाड्यात सुकट टिपणारीचे वेगळे, लालबागला गिरणीपाशी राहणारीचे वेगळे. पावसाळ्यात किडे खाल्ले की आणखी निराळे. विष्ठा लावलेल्या काचेच्या प्लेटांवर त्यांचे ठिपके वाढायचे आणि हा ते मोजत बसायचा.

"माणसाचंही तसंच असणार रे. आमची ही माहेरून आली की आठवडाभर तिला घरची आमटी सोसत नाही."

"तुझ्या आमटीला जंतूसुद्धा घाबरत असतील," मी म्हणायचो.

प्रयोगशाळेचे साहेब आधी हसले. मग त्यांनी जंतू वाढवायच्या उबेच्या कपाटातला एक कप्पा त्याला वर्षभरासाठी दिला. तिन्ही ऋतूंचं जुळलं तर लेखावर त्याचंही नाव घालू, असा शब्द दिला. बाटल्या धुणाऱ्याचं नाव छापून येणार! महिनाभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

उन्हाळा झाला, पावसाळा झाला. हिवाळ्यासाठी तो पिंपळ फळायची वाट पाहत थांबला, फळांवर साळुंक्या जमतात म्हणून. अखेर हिवाळ्याच्या प्लेटा कपाटात ठेवून तो घरी गेला, आणि त्याच संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या. संचारबंदी लागली. मी लांब फणसवाडीला राहणारा, प्रयोगशाळेतच अडकलो.

चौथ्या दिवशी मी त्याच्या प्लेटा वाफेच्या भांड्यात घालून उकळल्या. तीन दिवसांवरची प्लेट ठेवायची नाही, रोग पसरतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं. स्वतःच्या प्लेटा तो दुसऱ्या दिवशीच मोजायचा, त्यामुळे ती वेळ कधी आली नव्हती. बाहेर पुन्हा गोळीबार चालू होता, डोकं चालत नव्हतं, नियम तेवढा आठवला. वर त्याचंच काम करतोय असं वाटलं. गाढव मी.

सहाव्या दिवशी तो धापा टाकत आला. कप्पा रिकामा.

"कुणी उकळल्या?"

"मी."

त्यानं माझा हात धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "वाफेनं हात नाही ना भाजला तुझा?"

त्यानं माझ्या कानाखाली दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तसाच तो लालबागला पळाला. पिंपळाची फळं संपली होती, साळुंक्या पांगल्या होत्या. परत येऊन त्यानं साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, एक हिवाळा द्या."

"वर्ष संपलं, कप्पा आता दुसऱ्याला दिलाय रे. आणि दोन ऋतूंवर लेख होत नाही," साहेब म्हणाले. "संचारबंदीला कोण काय करणार?"

चूक माझी होती हे तिथं मी बोलायला हवं होतं. तोही बोलला नाही, मीही नाही.

दुपारी त्यानं त्या प्लेटा एकट्यानं धुतल्या. मी पुढे झालो तर म्हणाला, "राहू दे. माझ्या आहेत." हात पुसले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

आठवड्यानं मी नायगावला गेलो. त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. "ते गावाला गेलेत," ती खाली बघत म्हणाली.

आत तो खोकला. इतकी वर्षं शेजारी काम केलेलं, मला खोकला ओळखू येत होता.

"बरं," मी म्हणालो आणि जिना उतरलो.