पांढऱ्या कोंबडीची काळी पिल्लं

आमच्या शेजारच्या सरांनी अख्ख्या नंदनवन वस्तीत एकही माणूस पुरता असा कधी पाहिला नाही. त्यांना दिसायचे ते नुसते तुकडे. हे नाक आजोबाचं, ही हनुवटी मामाकडची, कानाची पाळी आईची. कॉलेजात दिवसभर जीवशास्त्र शिकवून हौस फिटायची नाही, म्हणून बाहेरही तेच. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन उभा राहिला की म्हणायचे, "जीभ गोल करून दाखव बरं!" तो बिचारा दाखवायचा, पंगत खोळंबायची आणि सरांची बायको डोक्याला हात लावायची. माझी नवी बायको त्यांच्या पाया पडली तेव्हा आशीर्वाद राहिला बाजूला, तिच्या कपाळावर टोकदार उतरलेले केस निरखून म्हणाले, "हे तुमच्या लेकरात येते पाहा." आलं बुवा, खोटं कशाला बोलू!

याच वेडापायी त्यांनी कोंबड्या पाळल्या. एकीकडून पांढराशुभ्र कोंबडा आणला, दुसरीकडून तशीच पांढरी कोंबडी, आणि पिल्लंही पांढरीच निघणार असं गल्लीभर सांगून ठेवलं. निघाली काळी-तांबडी! गल्लीत काळा कोंबडा एकट्या माझ्याकडे. झालं, सर माझ्या दारात उभे.

"तुमचा कोंबडा आमच्या अंगणात येऊन राहिला गा!"

"सर, तो म्हातारा झाला. भिंत चढत नाही."

"म्हाताऱ्याचाच भरवसा नसते!"

त्यांनी चहूबाजूंनी जाळी ठोकली, वरून पत्रे टाकले. पुढच्या खेपेलाही पिल्लं तशीच निघाली आणि सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या कोंबड्याच्या चारित्र्याची चर्चा पानठेल्यापर्यंत पोचली, आणि तो बापडा आपला दिवसभर मातीत लोळत पडलेला.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण समोरच्या काकूंच्या नातवाचं उष्टावण आलं. काकूंचा मुलगा घाऱ्या डोळ्यांचा, खाप्याहून आणलेली सूनही घारी. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच सासरी आली होती. सरांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि सवयीनं बोलून गेले, "बाप घारा, माय घारी, अन् लेकरू काळ्याभोर डोळ्याचं? असं होत नसते." बोलले आणि खिरीची वाटी पुढं केली. काकूंचा खीर वाढणारा हात तिथंच थांबला. चार दिवसांनी सून बाळासकट खाप्याला माहेरी पोचती झाली. नवऱ्यानं आईसमोर ब्र काढला नाही.

सरांना हे बायकोनं सांगितलं. "तुमच्या जिभेनं एक घर मोडून राहिलं," एवढंच म्हणाली. सर जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. इतक्या दिवसांनी!

"तुमचा कोंबडा खरंच भिंत चढत नाही का गा?"

"नाही हो सर, आईशप्पथ!"

"मंग पिल्लं कोणाची?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पांढरी कोंबडी घरातल्या खोलीत एकटी कोंडली. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात काही आठवडे टिकतं, ते पुरतं संपल्याची खात्री झाल्यावर तिच्या सोबतीला तो पांढरा कोंबडाच सोडला. खोलीला कुलूप, किल्ली जानव्याला. घरभर वास. अंडी फुटली, पिल्लं काळी-तांबडीच! दोघांचा पांढरेपणा दोन वेगळ्या कारणांनी आलेला होता. हा धडा सर दरवर्षी फळ्यावर शिकवायचे, पण अंगणात समोर उभा राहिला तेव्हा ओळखला नाही.

पिल्लांची टोपली घेऊन ते तडक काकूंकडे गेले. मागून मी. काकू पान लावत बसल्या होत्या.

"काकू, नुसत्या चुन्यानं तोंड लाल होते का?"

"नाही होत."

"नुसत्या कातानं?"

"दोन्ही लागते. काहून?"

"डोळ्याच्या रंगाचंही तसंच. एका जनुकाचं काम नाही ते, लय जणं मिळून रंग करतात. तुमच्या पोराकडं कात नाही, सुनेकडं चुना नाही, म्हणून दोघं घारे. लेकराले बापाकडून चुना भेटला, मायकडून कात. रंगलं! चुकलं ते माह्यं, काकू. तिचं काही नाही."

काकूंनी टोपलीतलं एक काळं पिल्लू हातात घेऊन निरखलं. मग मुलाला म्हणाल्या, "जा, घेऊन ये तिले."

काकूंचा मुलगा, सर आणि मी, तिघं बसनं खाप्याला गेलो. सरांनी तिच्यासमोर हात जोडले आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "कोंबडीवर विश्वास बसला तुमचा साऱ्यांचा," ती म्हणाली. "मी तर तोंडानं सांगून राहिली होती." नवरा नुसता "चाल" म्हणाला. तिनं बाळ उचललं आणि निघाली. परतीच्या बसमध्ये आमचे सर बाळाची पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि बाळाचं नाक-डोळे त्यांनी एकदाही निरखले नाहीत.

सर गेले त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांच्या दारात त्या दिवशी गल्ली जमली होती, पण काकूंच्या सुनेसारखं कोणी रडलं नाही. मला नवल वाटलं. न राहवून विचारलंच मी, काहून इतकं? पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "चुकलो म्हणून मले तोंडावर सांगणारे हेच एक होते, भाऊजी. घरचं तर अजून कोणी म्हटलं नाही."