मागं वळून न बघणारा मालक

"आंधळ्या पुढं बसवा. लंगड्या मागं."

मालक हे दारातनंच बोलायचा. पायातली चप्पल न काढता. आणि आम्ही बसायचो. आंधळ्या पुढं, लंगड्या मागं. त्या दिवसापुरती आम्हाला नावंच नसायची.

मी मागच्या रांगेत. दोन वर्षांची होते तेव्हा माझ्या डाव्या पायावरून वारं गेलं. त्याला पोलिओ म्हणतात हे लई पुढं कळलं. काखेत कुबडी, पण डोळे ठणठणीत. ते डोळेच पुढं माझ्या अंगाशी आले.

सोलापुरात रेल्वेच्या रुळांपलीकडं आमचं वसतिगृह होतं. आंधळ्या आणि अपंग मुलींचं. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं पडवी, पडवीसमोर एक लिंबाचं झाड. पहाटे मिलचा भोंगा वाजला की उठायचं. माझा बाप बार्शीच्या बाजारात पोती उचलायचा. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि बाजारात पोतीच येईनात. तेव्हा त्यानं मला इथं आणून सोडलं. "हितं खायाला मिळंल. शाळा बी हाय. शीक," एवढंच बोलला आणि एस.टी. पकडून गेला. मी चौदा वर्षांची होते.

खायला मिळायचं. सरकारी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, घशात अडकणारी. वर पाण्यासारखी आमटी. फाटकावर मात्र पाटी होती झोकात रंगवलेली. वाढदिवस, पुण्यतिथी, बारसं, लग्न, अशा प्रसंगी अन्नदान करा. जुने कपडे द्या. धान्य द्या. पुण्य जोडा. लोक जोडायचे की पुण्य! जुने झगे यायचे, त्यांची बटणं आधीच कापून घेतलेली असायची. एका बाईनं आंधळ्या मुलींसाठी डझनभर आरसे पाठवले होते. खोटं सांगत नाही. आम्ही लंगड्यांनी ते वाटून घेतले आणि आठवडाभर हसलो.

पण मालकाचं दान वेगळं. मालक म्हणजे शहरातला एक मोठा कारखानदार. त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, सगळे मालकच म्हणायचे. तो दर अवसेला यायचा. दुपारी बारा वाजता त्याची गाडी यायची. दहीभात आणि बुंदीचे लाडू. दुष्काळात बुंदीचे लाडू! अवस कधी आहे ते आम्ही बोटांवर मोजायचो.

आणि जाताना हा माणूस कधी मागं वळून बघायचा नाही. आभार ऐकायला थांबायचा नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख, प्रार्थनेच्या वेळी सांगायच्या, "मुलींनो, दाता असा असावा. देतो आणि वळूनही पाहत नाही." आम्हाला पटायचं. केवढा साधा माणूस, असं मलाही वाटायचं. आज आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या रांगेत पहिलं ताट गंगव्वाचं. दहा-अकरा वर्षांची पोर. अक्कलकोटच्याही पलीकडच्या खेड्यातली, निम्मं कानडी बोलणारी. लहानपणी तिला देवी आल्या, तोंडभर वण देऊन गेल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. ती मला अक्का म्हणायची. आमची जोडी होती. मी कुठं निघाले की ती माझ्या दुसऱ्या खांद्याखाली शिरायची. ती माझा पाय, मी तिचे डोळे. असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

एका अवसेला मोठ्या बाई मला म्हणाल्या, "जा गं, फाटकापाशी बघ मालकांची गाडी आली का." मला धाडलं, कारण मला दिसतं.

गाडी आली होती. पण फाटकात नाही, अलीकडं, कुंपणाच्या आडोशाला उभी होती. मागचं दार उघडं. आत एक पोर, सहा-सात वर्षांची, मान टाकून बसलेली. मालकाची नात. तिला आकडी यायची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मालकाच्या हातात पितळी डबा. त्यानं तो पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवला. एकदा, दोनदा, सात वेळा. ओठ पुटपुटत होते. मग पोरीच्या कानशिलावरून हात फिरवून त्यानं कडाकडा बोटं मोडली. आणि तो डबा घेऊन माणूस सरळ आमच्या फाटकाकडं चालू लागला.

मी जागच्या जागी थिजले. कारण मला हे माहीत होतं. माझ्या आईनंही माझ्या पायावरून भाकरतुकडा असाच उतरवला होता. तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, नेऊन ठेवला होता आणि मला बजावलं होतं, "मागं वळून बगायचं न्हाय गं. बगितलं तर इडा माघारी येतीया." तो तुकडा कुत्र्यानं खाल्लेला मी दुसऱ्या दिवशी पाहिला होता.

म्हणून वळून बघत नव्हता तो. साधा माणूस! आम्ही त्याचं तिकाटणं होतो.

आत आले तर मालकाच्या ड्रायव्हरनं पातेलं आणलेलं. पातेल्यातलं मागच्या रांगेला. पितळी डब्यातलं पुढच्या रांगेला. आंधळ्या पुढं का, हे मला त्या घटकेला कळलं. मागच्यांना दिसतं. उद्या कुणी बघितलं, कुणी ओरडलं तर? आंधळ्यांचं काय, ताटात पडेल ते तोंडात जाईल.

गंगव्वानं घास घेतला. मान माझ्याकडं वळवून म्हणाली, "अक्का, लई ग्वाड हाय की!"

तोंडात माझाही लाडू होता. माझा लाडू पातेल्यातला, म्हणजे चोख होता. तो मी खाल्ला. सगळा खाल्ला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

संध्याकाळी मोठ्या बाईंकडं गेले. सांगितलं. त्या स्वेटर विणत होत्या, सुया थांबल्यासुद्धा नाहीत.

"मला माहीत आहे," म्हणाल्या.

"बाई, उतारा हाय तो."

"तू शाळेत सायन्स शिकतेस ना? असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतेस? अन्न ते अन्न. उताऱ्यानं काय होतं?"

"मग गंगव्वाला सांगू का?"

आता सुया थांबल्या. "तिला दिसत नाही. मग कळायची गरज काय? आणि तुझा मॅट्रिकचा फॉर्म यंदा भरायचा आहे ना? सही माझीच लागेल."

मी परत आले. हुशार बाई! उताऱ्यानं काही होत नाही हे मलाही मान्य होतं. मग लपवायचं कशाला? आडोशाला गाडी कशाला? हे मला तिथं सुचलं नाही. मला फक्त फॉर्म दिसत होता. मॅट्रिक झाले की नोकरी, नाहीतर बापाच्या दारात बसून राहायचं, जन्मभर. मी गप्प बसले.

पुढच्या अवसेला मालक खुशीत आला. महिनाभर नातीला आकडी आली नव्हती. दारातनंच म्हणाला, "त्या वणवालीचा गुण आला बघा. डबा तिलाच द्या. सगळा तिलाच."

सगळा डबा गंगव्वापुढं. पोर फुलून गेली. एवढ्या मुलींतून मालकानं तिला निवडलं होतं! अख्खी दुपार ती मिरवत होती. "अक्का, मालकाला माजा गुण आला म्हनं. म्या काय बी केलं न्हाय तरी आला." आणि ओच्यातून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "तुज्यासाटी राकला."

मी तो घेतला. म्हणाले, "खाते हं." आणि कुबडी टेकत स्वयंपाकघराच्या मागं गेले. तिथं एक मरतुकडं कुत्रं बसलेलं असायचं. त्याच्यापुढं टाकला.

मला वाटलं कुणी बघत नाही. बघणारं होतं कोण तिथं? पण गंगव्वा माझ्या मागं मागं आली होती, भिंतीला हात लावत. तिनं कुत्र्याचं मचमच खाणं ऐकलं.

"अक्का, लाडू कुत्र्याला घातलास?"

मी कुबडीनं कुत्र्याला हाकललं.

"का?"

तेव्हा मी सांगितलं. गाडी, पोर, पितळी डबा, सात वेळा, बोटं मोडणं. सगळं. ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. उभ्या उभ्या आपल्या उजव्या हाताची बोटं परकराला पुसत राहिली. कितीतरी वेळ पुसत राहिली. मग म्हणाली,

"तू मागल्या खेपंला बी बगितलं व्हतंस?"

"व्हय."

"तुला दिसत व्हतं की. मग का न्हाई सांगिटलंस?"

फॉर्म, सही, मॅट्रिक, हे त्या पोरीला काय सांगायचं? मालकानं तिला तिकाटणं केलं हे खरं. पण तिच्यापुढं ते ताट येऊ दिलं मी. मालक लबाड होता, बाई लबाड होत्या आणि तिसरी मी होते. या तिघांत तिला माणूस वाटत होती ती एकच. तीच मी. शी! तसली चीड मला तोवर कधी आली नव्हती, मालकावरही नाही.

तिसऱ्या अवसेला मी मागच्या रांगेत बसले नाही. कुबडी ओढत पुढं गेले आणि गंगव्वाच्या शेजारी बसकण मारली. बाई खेकसल्या, "तुझी जागा मागं." मी उठले नाही.

त्या दिवशी मालक नातीला घेऊन आत आला होता. पोर बरी दिसत होती, स्वतःच्या पायांनी चालत होती. डबा गंगव्वापुढं उघडला. वास सुटला. गंगव्वाचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले.

"खा की गं," मालक म्हणाला.

मी म्हणाले, "मालक, आधी तुमच्या नातीला एक घास द्या. मग ही खाईल."

मालक हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. "तिचं जेवण झालंय."

"एकच लाडू द्या."

मोठं माणूस काही ना काही बोलून वेळ मारून नेतं. पोराला ते जमत नाही. लाडू म्हटल्यावर त्या नातीनं डब्यात हात घातला.

"शिवू नको!" मालक ओरडला आणि तिचा हात हिसडून मागं ओढला.

शिवू नको. हा शब्द मी चांगला ओळखत होते. आमच्या गावात पाण्याच्या जागी तो ऐकतच मी मोठी झाले. इथं शहरात, संस्थेच्या पडवीत, पुण्याच्या कामात, तो पुन्हा भेटला. फक्त या वेळी तो ऐकायला पुढं सात आंधळ्या पोरी होत्या, आणि त्यांचे कान माझ्या डोळ्यांपेक्षा तिखट. मला पुढं एक शब्द बोलावा लागला नाही. सातही जणींनी ताटावरचे हात काढून घेतले. गंगव्वानं डबा दोन्ही हातांनी चाचपला आणि मालकाच्या आवाजाच्या दिशेनं सरकवला. फरशीवर पितळ घासत गेलं.

"माज बघा यांचा! खायला घालतोय तर माज आलाय. उद्या भीक मागत फिरतील तेव्हा कळंल."

मालक गेला. त्या दिवशी मात्र दोनदा वळून बघितलं त्यानं.

मला थोबाडीत बसली, ती मोठ्या बाईंची. आठवड्याच्या आत बापाला पत्र गेलं. मुलगी उद्धट आहे, घेऊन जा. फॉर्म भरला गेला नाही. बाप आला, काही विचारलं नाही, माझी ट्रंक डोक्यावर घेतली. मी गंगव्वापाशी गेले. ती बाजेवर बसून सुतळी वळत होती.

"गंगव्वा, जाते."

"व्हय," ती म्हणाली. अक्का म्हणाली नाही. ती पुन्हा मला कुठं भेटली नाही. भेटली असती तरी तिनं अक्का म्हटलं असतं असं वाटत नाही, आणि तिनं म्हणावं असं सांगायला माझ्याकडं तोंड नाही.

मॅट्रिक मी चार वर्षांनी बाहेरून केली. दिवसा विड्या वळून. आज मी अशाच एका संस्थेत टेबलापाशी बसते. फाटकावर आमच्याही पाटी आहे, आणि लोक येऊन विचारतात, "मदत कशी करायची हो ताई?" मी सांगते. मुलींना वाचून दाखवा, त्यासाठी आठवड्यातला एक तास द्या. ब्रेलचा कागद द्या. कुबडीचं रबर झिजतं, ते द्या. तुमच्या दुकानात एखादीला काम द्या. झगा द्यायचा तर बटणांसकट द्या. आणि अन्न द्यायचं असेल तर पंगतीत मांडी घालून बसा. घरच्या लेकरांना बरोबर आणा. पहिला घास तुमचा, मग आमचा.

बरेच जण घड्याळ बघतात. गेल्याच अवसेला एक जण भरलेला डबा घेऊन आला होता. मी त्याच्यापुढं पाट मांडला. म्हणाला, "मला उपास आहे." म्हटलं, "असू दे, मग डबाही उपाशीच जाऊ दे." फाटकापर्यंत मी स्वतः गेले आणि डबा त्याच्या हातात परत दिला. संस्थेचे लोक माझ्यावर चिडतात. ताई, तुमच्यामुळं दाते तुटतात, म्हणतात. तुटू देत. त्या दिवशी आमच्या पोरींनी भाकरी-चटणी खाल्ली.

मला काढून टाकायचं असेल तर टाका. ट्रंक उचलायला आता बाप नाही, मी उचलीन. पण मला जे दिसेल ते मी तिथल्या तिथं, ताट पुढ्यात यायच्या आधी, मोठ्यानं सांगणार आहे.