आभार मानायचं काम माझ्याकडे होतं

मला राग लवकर येतो आणि जायला वर्षं लागतात. शहागंजातल्या आमच्या शाळेत एकदा तपासणीला आलेल्या साहेबांवरचा राग तर मी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

तेव्हा माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. शाळा मराठी, पण निम्म्या पोरांच्या घरी दखनी बोलतात. मी त्यांच्याशी दखनीतच सुरुवात करायचे आणि हळूहळू मराठीकडे आणायचे. साहेबांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, यात काय दिसतंय? लसणाची गाडी लावणाऱ्याची मुलगी ताडकन उभी राहिली. "बंदर झाड पे चढ को बैठा है सर, अन् आम खा-खा को गुठल्यां नीचे फेंक रा." वर माकडाचं तोंडही करून दाखवलं. सगळा वर्ग खिदळला.

साहेब हसले नाहीत. "ही शाळा आहे की बाजार? नीट बोलता येत नसेल तर तोंड बंद ठेवायचं," असं ते त्या चिमुरडीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हीच यांच्याशी असं बोलता, मग पोरं काय शिकणार?" मुख्याध्यापकांनी त्यांना घाईघाईनं चहाला नेलं.

पोरीनं त्यांचं ऐकलं. त्या दिवसापासून ती वर्गात बोललीच नाही. वाचायला शिकली, लिहायला शिकली, पेपरात मार्क पाडले, पण काही विचारलं की नुसती मान हलवायची. संध्याकाळी बाजारात मात्र बापाच्या गाडीवरून तिचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. गिऱ्हाइकाला बोलू द्यायची नाही. मी दिसले की तिचं तोंड बंद. आता ती सातवीत आहे.

यंदा नव्या शैक्षणिक धोरणाचं प्रशिक्षण लागलं. पडद्यावर 'भविष्यासाठी सज्ज विद्यार्थी' अशी अक्षरं आणि माईकवर तेच साहेब, केस काळे केलेले. "लहान मुलाला त्याच्या घरच्या भाषेत बोलू द्या. ती भाषा तोडली तर मूल शाळेपासून तुटतं," हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझ्या शेजारच्या बाई ते वहीत उतरवून घेत होत्या. माझं डोकं तापलं. आणि माझं नशीब असं, की आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं.

आभार सुरू झाले की लोक पिशव्या आवरायला घेतात. मी माईकवाल्याचे आभार मानले, चहावाल्याचे मानले आणि मग साहेबांचे. साहेब आमच्या वर्गात येऊन गेलेत, असं म्हणत माकड, आंबा, बाजार, सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं. लोकांनी पिशव्या परत खाली ठेवल्या. मागून मुख्याध्यापक कुजबुजले, "बसा मॅडम, लई झालं." मी बसले नाही. "ती मुलगी अजून गप्प आहे. साहेबांनी स्वतः येऊन तिला बोलायला सांगावं. धोरणाची सुरुवात आमच्या शाळेतूनच होऊ दे." टाळ्या कडाडून पडल्या. साहेबांचा पडलेला चेहरा बघून मला अतोनात आनंद झाला आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

एवढ्या लोकांसमोर ते नाही कसं म्हणणार? पुढच्याच आठवड्यात आले. सातवीच्या वर्गात तिच्या बाकाजवळ उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "बेटा, तू घरी बोलतेस तसं बोल. आता चालतं."

ती उभी राहिली. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, बोल गे माय, सुना दे इनकू. एवढ्या वर्षांचं सगळं सुना दे.

"शाळेत तसं बोलायचं नसतं, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

साहेबांचा चेहरा खुलला. "वा! किती शुद्ध बोलते," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. ती बाकाकडे बघत राहिली.

साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. निरोप समारंभाचं आभारप्रदर्शन मी आत्ताच मागून घेतलंय. ते मी सगळंच्या सगळं दखनीत करणार आहे.