मिक्सरचं खोकं

समोरचं घर एका मराठी जोडप्यानं घेतलं. कॅनडात आल्यापासून चार भाड्याची घरं बदलल्यावर हे पहिलं स्वतःचं. आज कचऱ्याची गाडी यायची होती. पुढच्या घरबदलासाठी म्हणून इतकी वर्षं जपलेली रिकामी खोकी नवरा फुटपाथवर रचत होता. टीव्हीचं, कुकरचं, मिक्सरचं. मी माझा कचऱ्याचा डबा घेऊन बघत उभा राहिलो. घर आपलं झालं हे सह्या करून कळत नसावं. खोकी टाकवतात का, त्यावरून कळत असावं.

तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली. "अरे, हे राहू दे. हप्ते पंचवीस वर्षांचे, नोकरीचा काय भरवसा?" म्हणत तिनं मिक्सरचं खोकं परत आत नेलं.

आमचं कर्ज फिटलं, मिक्सरही केव्हाच मोडीत गेला. खोकं अजून माळ्यावर आहे.